‘राजकारणापासून अलिप्त’: डग्लस हाइड आणि गेलिक लीगच्या एका कलमाचा प्रकरण अभ्यास

भाषेसाठी उभी राहिलेली संघटना राजकारणात उतरते तेव्हा तिच्या संस्थापकाने काय करावं, हा या प्रकरणाचा विषय आहे. स्थळ आयर्लंड, काळ १८९३ ते १९४५. मुख्य माणसं सार्वजनिक इतिहासातली असल्यामुळे त्यांची नावं तशीच ठेवली आहेत, गावोगावच्या शाखांचे कार्यकर्ते मात्र निनावीच आहेत. भर आहे १९१५ च्या उन्हाळ्यात डंडॉक या गावी झालेल्या एका सभेवर आणि संघटनेच्या घटनेतल्या एका कलमावर.

पार्श्वभूमी

डग्लस हाइड यांचा जन्म १७ जानेवारी १८६० चा, रॉसकॉमन परगण्यातला. वडील प्रोटेस्टंट धर्मगुरू, घर इंग्रजी बोलणारं. आजूबाजूला कॅथलिक शेतकरी आणि मजूर; त्यांतली म्हातारी माणसं अजून आयरिश बोलत. शेमस हार्ट नावाच्या रानराख्याकडून आणि शेजारपाजारच्या बायांकडून मुलाने भाषा उचलली. चौदाव्या वर्षी त्याने आयरिशमध्ये रोजनिशी लिहायला घेतली, तेव्हा या भाषेचं लेखन त्याला ठाऊक नव्हतं. कानाला ऐकू येईल तसे शब्द तो इंग्रजी अक्षरांत मांडत गेला. ती पानं आज वाचली तर त्या गावाचे उच्चार जसेच्या तसे कानावर येतात. भाषेची ओढ आधी, व्याकरण मागाहून आणि राजकारण सर्वांत शेवटी, हा त्यांचा क्रम पुढेही बदलला नाही.

भाषेची अवस्था बिकट होती. १८५१ च्या जनगणनेत १५ लाखांवर माणसं आयरिश बोलत होती. १८९१ मध्ये हा आकडा ६ लाख ८० हजारांवर आला. १८४५ नंतरच्या दुष्काळाने नेमका आयरिश बोलणारा गरीब पश्चिम किनारा रिकामा केला. १८३१ पासूनच्या सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या होत्या. १८७९ नंतर आयरिश शिकवायची सोय झाली, पण शाळा सुटल्यावर, जादा विषय म्हणून. आईबापांनाही मुलांना इंग्रजीच यायला हवी होती, कारण पुढे बोटीने अमेरिका गाठायची होती.

२५ नोव्हेंबर १८९२ रोजी डब्लिनमध्ये हाइड यांनी ‘आयर्लंडचं इंग्रजीपण उतरवण्याची गरज’ या विषयावर व्याख्यान दिलं. आठ महिन्यांनी, ३१ जुलै १८९३ रोजी, मूठभर माणसांनी कॉनरा ना गेल्गे म्हणजेच गेलिक लीग स्थापन केली. हाइड अध्यक्ष झाले. प्रत्यक्ष जुळवाजुळव ओन मॅकनील यांची होती. ते तेव्हा डब्लिनच्या न्यायालयीन कचेरीत कारकून होते.

लीगच्या घटनेत एक कलम होतं: ही संघटना राजकारण आणि धर्मपंथ यांपासून पूर्णपणे अलिप्त राहील.

कलम कशासाठी होतं

या कलमाला पुष्कळदा भाबडेपणा म्हटलं जातं. तो निवाडा चुकीचा आहे. १८९० साली आयरिश संसदीय पक्ष पार्नेल या नेत्यावरून फुटला, पुढच्या वर्षी पार्नेल वारले, आणि गावोगावच्या समित्यांत पार्नेलवाले आणि पार्नेलविरोधी एका खोलीत बसेनासे झाले. त्या हवेत ‘राजकारण नको’ म्हटलं नसतं तर पहिल्या वर्षीच लीगचे दोन तुकडे पडले असते.

शिवाय कलमाचे रोजच्या व्यवहारातले फायदे होते. राष्ट्रीय शाळांचे शिक्षक आणि सरकारी कारकून हा लीगचा कणा होता. राजकीय संघटनेत नाव आलं तर त्यांची नोकरी धोक्यात आली असती. गावातला पाद्री शाळेची खोली देई, ती तंट्याच्या संघटनेला त्याने दिली नसती. ब्रिटिश राज्य टिकावं असं वाटणारे थोडेसे प्रोटेस्टंट संध्याकाळच्या वर्गाला येऊन बसत. आणि सरकारशी अभ्यासक्रमाची घासाघीस करताना ‘आम्ही कुठल्या पक्षाचे नाही’ हे वाक्य हाताशी लागे.

त्याचा उपयोग आकड्यांत दाखवता येतो. नोव्हेंबर १९०५ ते जून १९०६ या काळात हाइड यांनी अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देऊन सुमारे ५० हजार डॉलर जमवले. तिथल्या आयरिश लोकांत संसदीय मार्गाचे समर्थक आणि सशस्त्र उठावाचे पुरस्कर्ते यांचं एकमेकांशी अजिबात जमत नसे. या दौऱ्यासाठी दोघांनीही पैसे दिले. एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला तेव्हा जमलेल्यातले ५ हजार डॉलर हाइड यांनी मदत म्हणून दिले. १९०४ च्या सुमारास शाखा सहाशेच्या घरात होत्या. सायकलवरून गावोगाव फिरणारे शिक्षक त्या शाखा जिवंत ठेवत: आठवड्याला एक गाव, दिवसा शाळेत धडा, रात्री मोठ्यांचा वर्ग.

मात्र राजकारण म्हणजे नेमकं काय, हे कलमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

१९०५ मध्ये डोनेगलच्या एका माणसावर खटला झाला. गाडीवर मालकाचं नाव वाचता येईल असं लिहिलेलं असावं, असा कायदा. याने ते आयरिश लिपीत लिहिलं होतं. पोलिसांच्या मते ते ‘वाचता येणारं’ नव्हतं. डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात लीगचे कार्यकर्ते पॅट्रिक पिअर्स वकील म्हणून उभे राहिले आणि हरले. आता हा खटला भाषेचा म्हणायचा की राजकारणाचा? आयरिश पत्त्यांची पार्सलं टपालखात्याने घ्यावीत म्हणून झालेला झगडा कुठल्या खात्यात टाकायचा? लीगने प्रत्येक वेळी प्रसंग पाहून ठरवलं. रिवाज असा पडला की सरकारशी भांडायला हरकत नाही, पक्षाचं नाव मात्र घ्यायचं नाही. हा रिवाज कुणी घटनेत लिहून ठेवला नाही, आणि पुढचा घोळ तिथूनच झाला.

सर्वांत मोठी लढाई विद्यापीठाची. १९०८ च्या कायद्याने नॅशनल युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि प्रवेशपरीक्षेला आयरिश सक्तीची असावी अशी मागणी लीगने केली. कॅथलिक बिशपांच्या स्थायी समितीने १९०९ च्या जानेवारीत विरोध जाहीर केला. लीगने परगण्यांच्या कौन्सिलांकडे मोर्चा वळवला. नव्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या या कौन्सिलांच्या करातून जायच्या होत्या. ‘आयरिश नसेल तर पैसा नाही’ असे ठराव एकामागून एक होऊ लागले. १९१० मध्ये विद्यापीठाचं सिनेट वाकलं आणि १९१३ पासून आयरिश सक्तीची झाली. हाइड यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत मुरब्बी राजकारण, आणि ते ‘अलिप्त’ कलमाखाली झालं. त्यांनाही त्यात विसंगती वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी राजकारण म्हणजे पक्ष.

अडचण

१९१२ पासून देशाचं तापमान चढू लागलं. होमरूल, म्हणजे साम्राज्यात राहून स्वतःचं कायदेमंडळ, मिळण्याची चिन्हं दिसली. (मराठी वाचकाला हा शब्द टिळकांच्या १९१६ च्या होमरूल लीगमुळे परिचित आहे; तो आला आयर्लंडहूनच.) उत्तरेकडच्या प्रोटेस्टंटांनी विरोधात स्वयंसेवक दल उभारलं. १ नोव्हेंबर १९१३ रोजी मॅकनील यांनी लेख लिहिला: उत्तरेने केलं ते आपणही करावं. लेख छापून आला लीगच्याच मुखपत्रात, ‘अन क्लीव सोलिश’मध्ये. २५ नोव्हेंबरला आयरिश स्वयंसेवक दल स्थापन झालं आणि मॅकनील त्याचे प्रमुख झाले. लीगचा उपाध्यक्ष, लीगचं मुखपत्र, आणि हाक बंदुका उचलण्याची. त्याच महिन्यात त्याच पत्रात पिअर्स यांनी लिहिलं की लीगचं काम आता संपत आलं आहे आणि त्यातून घडलेल्या पिढीने पुढे जायला हवं.

वरून दिसणारी अडचण ही. खालची अधिक अवघड होती. आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड ही शपथबद्ध गुप्त संघटना लीगमध्ये आपली माणसं पेरत होती. त्यासाठी फार काही करावं लागत नव्हतं. लीगची वार्षिक महासभा, म्हणजे आर्ड-एश, शाखांच्या प्रतिनिधींची. प्रतिनिधी निवडायचे शाखेच्या बैठकीत. आणि त्या बैठकीला माणसं किती येतात? वर्गाला चाळीस येतात, हिशेब आणि निवडणुकीला आठ. त्या आठांत पाच जण आधी ठरवून आले की प्रतिनिधी त्यांचा. महासभेत असे प्रतिनिधी पुरेसे झाले की कार्यकारिणी त्यांची. यात नियमभंग कुठेच नाही. संस्था चालवलेल्या कुणालाही हे गणित ओळखीचं वाटेल.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. होमरूलचा कायदा झाला, पण युद्ध संपेपर्यंत तहकूब ठेवला गेला. संसदीय नेते रेडमंड यांनी तरुणांना ब्रिटिश सैन्यात जायला सांगितलं आणि स्वयंसेवक दल फुटलं. यानंतर तटस्थ राहायला जागाच उरली नाही. गप्प बसणं हीसुद्धा बाजू घेणं ठरू लागलं.

समोर असलेले पर्याय

डंडॉकच्या सभेपुढे लीगच्या ध्येयात बदल सुचवणारा ठराव होता: ‘मुक्त, गेलिक बोलणारा आयर्लंड’. वाद ‘मुक्त’ या एका शब्दावर होता. हाइड यांच्यापुढे पाच वाटा होत्या.

पहिली, मतदानात लढून ठराव पाडणं. त्यासाठी वर्षभर आधीपासून शाखांत प्रतिनिधींची जमवाजमव करायला हवी होती. ती झाली नव्हती, आणि सभेच्या दिवशीच्या भाषणाने मतं फिरत नाहीत.

दुसरी, तडजोडीचा मसुदा. ‘मुक्त’चा अर्थ सांस्कृतिक आहे असं टिपण जोडता आलं असतं. कागदावर हे जमलंही असतं. पण कार्यकारिणीची नावं बदलणार असतील तर टिपणाचा अर्थ लावणार कोण?

तिसरी, नामधारी अध्यक्ष म्हणून राहणं. नव्या लोकांनाही हे चाललं असतं. बावीस वर्षांचं नाव पाटीवर राहिलं असतं. धोका उघड होता: आत काय शिजतंय याची खबर नसताना त्याची जबाबदारी मात्र अध्यक्षाच्या डोक्यावर. हा धोका काल्पनिक नव्हता, हे आठ-नऊ महिन्यांनी मॅकनील यांच्या उदाहरणाने दिसलं. स्वयंसेवक दलाचे प्रमुख तेच, आणि ब्रिटिश राज्याविरुद्धच्या, १९१६ च्या ईस्टरच्या सशस्त्र उठावाची योजना त्यांच्यापासूनच लपवली गेली.

चौथी, आपले लोक घेऊन वेगळी संघटना काढणं. इमारत, मुखपत्र, फिरते शिक्षक आणि परीक्षा यांची वाटणी झाली असती आणि वर्ग बंद पडले असते.

पाचवी, राजीनामा.

निर्णय

ठराव मंजूर झाला, कार्यकारिणीत उठावाच्या बाजूचे लोक बहुमतात आले आणि हाइड यांनी अध्यक्षपद सोडलं. सरचिटणीसपदी शॉन टी. ओ’केली आले, ते गुप्त संघटनेचे सदस्य होते. हे नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

हाइड यांनी वेगळी चूल मांडली नाही आणि मागाहून वर्तमानपत्रांत धुणीही धुतली नाहीत. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९०९ पासून ते आधुनिक आयरिशचे प्राध्यापक होते. १९३२ पर्यंत तिथे शिकवत राहिले. लीग फुटली नाही, याचं श्रेय त्यांच्या या मौनाला द्यायलाच हवं.

संघटनेचं काय झालं

१९१६ च्या उठावातले आघाडीचे बहुतेक लोक लीगच्या वर्गांतून आलेले होते. जुलै १९१८ मध्ये सरकारने लीगला धोकादायक संघटनांच्या यादीत घातलं आणि १९१९ मध्ये बंदी आली. म्हणजे कलम गेल्यावर जे होईल अशी भीती होती, ते चार वर्षांत झालं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आलं तेव्हा आयरिश राष्ट्रभाषा म्हणून घटनेत गेली, आणि त्या वर्षीच्या १७ मार्चपासून राष्ट्रीय शाळांत रोज किमान एक तास आयरिश शिकवण्याचा आदेश लागू झाला. पहिले शिक्षणमंत्री झाले मॅकनील. १८७९ साली शाळा सुटल्यावर मिळणारा तास राज्यसत्ता हाती आल्यावर शाळेच्या वेळेत आला. तो अर्जविनंत्यांनी आला असता असं मानायला आधार नाही.

मात्र १९२२ मध्ये आठशेहून अधिक असलेल्या लीगच्या शाखा १९२४ पर्यंत दीडशेच्याही खाली गेल्या. कारण साधं होतं: आता सरकार शिकवतंय, मग संध्याकाळी वर्गाला कशाला जायचं? त्यात यादवी युद्धाने एकाच शाखेतली माणसं एकमेकांविरुद्ध उभी केली होती. १८९३ मध्ये ज्या फुटीच्या भीतीने कलम घातलं होतं तीच फूट, आणि या वेळी अडवायला कलम नव्हतं.

माणसाचं काय झालं

पूर्वी रेडमंड यांनी देऊ केलेली संसदेतली जागा हाइड यांनी नाकारली होती. फेब्रुवारी १९२५ मध्ये मात्र सिनेटमधल्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातल्या, रिकाम्या जागेवर ते गेले. सप्टेंबरात निवडणूक आली. तिची रचना पाहण्यासारखी आहे: १९ जागा, ७६ उमेदवार, अख्खा देश हा एकच मतदारसंघ आणि मतदार तीस वर्षांवरचे. पद्धत पसंतीक्रमाची. एकूण मतांना जागांपेक्षा एकने जास्त आकड्याने, म्हणजे वीसने भागायचं आणि एक मिळवायचा; तो कोटा भरला की उमेदवार निवडून येतो. इतक्या लांब यादीत देशभर थोडं थोडं नाव असून भागत नाही. एखाद्या परगण्यात घट्ट गठ्ठा हवा किंवा ‘यांना पहिली, त्यांना दुसरी’ सांगणारी यंत्रणा हवी. हाइड यांच्याकडे दोन्ही नव्हतं. त्यात, घटस्फोटाला कायद्याची मुभा असावी की नाही या तेव्हाच्या वादात, प्रोटेस्टंट म्हणून त्यांच्याविरुद्ध प्रचार झाला. ज्यांच्या वर्गांतून लाखो माणसं गेली त्यांना पहिल्या पसंतीची दोन हजार मतंही मिळाली नाहीत, आणि ते पडले.

आदर आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत मागायला जावं लागतं, आणि मागायला जाणारी माणसं १९१५ मध्येच दुसरीकडे गेली होती.

काय वेगळं करता आलं असतं

१९१५ चा राजीनामा चुकला असं म्हणवत नाही; त्या दिवशी चांगली वाट उरलीच नव्हती. चुका आधीच्या आहेत.

व्याख्या वेळेवर लिहायला हवी होती, आणि ती वेळ १९१० ची होती. विद्यापीठाची लढाई जिंकलेली, हाइड यांचा शब्द कुणी मोडत नव्हता. सरकारकडे मागणी करणं चालेल, पक्षाला पाठिंबा चालणार नाही, पदाधिकाऱ्याने राजकीय किंवा सशस्त्र संघटनेत पद घेतलं तर इथलं सोडावं, मुखपत्रात अशा संघटनांची हाक छापायची नाही: एवढ्या चार ओळी तेव्हा सहज मंजूर झाल्या असत्या. १९१३ नंतर त्यांतली एकही झाली नसती.

कलम मोडलं तेव्हा ते राबवायला हवं होतं. १९०६ मध्ये वेस्टपोर्टचे प्रोटेस्टंट धर्मगुरू जेम्स हॅने लीगच्या कार्यकारिणीवर असताना, एका कॅथलिक पाद्र्याच्या आक्षेपावरून त्यांना कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताच्या उत्सवसमितीबाहेर ठेवलं गेलं. धर्मपंथाबाबतच्या अर्ध्या कलमाचा हा उघड भंग होता. लीगने प्रकरण मिटवलं, तत्त्व राखलं नाही. जे कलम धर्माच्या बाबतीत वाकतं ते राजकारणाच्या बाबतीत ताठ राहील, अशी अपेक्षा मग कुणी धरावी?

तिसरी गोष्ट वारसाची. बावीस वर्षं एकच अध्यक्ष, आणि त्याच्या मताचा पुढचा माणूस तयार केलेला नाही. तरुणांना भाषेचं काम पुरेसं वाटत नव्हतं, हे पिअर्स जाहीरपणे लिहीत होते. त्यांना लीगच्या आत मोठी, अवघड जबाबदारी देण्याची वेळ १९१३ च्या आधीची होती.

१९३८ ते १९४५

१९३७ च्या नव्या घटनेने राष्ट्रपतिपद निर्माण केलं. उमेदवारीसाठी संसदेचे २० सदस्य किंवा ४ परगण्यांची कौन्सिलं लागत. दोन्ही मोठ्या पक्षांना मान्य होईल असं नाव शोधताना ते हाइड यांच्यापाशी येऊन थांबलं आणि ते बिनविरोध निवडून आले. ज्या अलिप्ततेने १९२५ मध्ये त्यांना पाडलं तीच आता पात्रता ठरली. २५ जून १९३८ रोजी, ७८ व्या वर्षी, त्यांनी आयरिशमध्ये शपथ घेतली. तिचं ध्वनिमुद्रण आहे. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, बोली रॉसकॉमनची, जी बोलणारे तेव्हाच बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

नियमांनी त्यांची पाठ इथेही सोडली नाही. नोव्हेंबरात आयर्लंड विरुद्ध पोलंड हा फुटबॉलचा सामना पाहायला ते राष्ट्रप्रमुख म्हणून गेले. गेलिक खेळांच्या संघटनेत ‘परदेशी’ खेळ पाहायलाही बंदी होती. डिसेंबरात तिने त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं. १८९२ च्या व्याख्यानात त्यांनी याच संघटनेचं कौतुक केलं होतं. या वेळीही त्यांनी जाहीर उत्तर दिलं नाही.

१९४० मध्ये पक्षाघाताचा झटका आला. पुढचं काम चाकाच्या खुर्चीतून झालं. सात वर्षांत त्यांनी दोन विधेयकं सर्वोच्च न्यायालयाकडे तपासणीला पाठवली. त्यांतलं दुसरं शाळाहजेरीचं, १९४२ चं. मुलाला घरी किंवा देशाबाहेर दिलं जाणारं शिक्षण योग्य आहे की नाही, याचा दाखला शिक्षणमंत्र्यांनी द्यायचा, असं त्यातलं चौथं कलम. मंत्री टॉमस डेरिग हे सक्तीच्या आयरिशचे खंदे पुरस्कर्ते. आयरिश टाळण्यासाठी मुलांना बाहेर ठेवणाऱ्या पालकांना या कलमाने चाप बसला असता. अशा विधेयकावर भाषा चळवळीच्या संस्थापकाने डोळे मिटून सही केली असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं. हाइड यांनी राज्य परिषदेचा सल्ला घेतला आणि विधेयक न्यायालयाकडे पाठवलं. एप्रिल १९४३ मध्ये निकाल लागला: ते कलम घटनेशी विसंगत आहे, राज्य फक्त किमान शिक्षणाची अट घालू शकतं. विधेयक कायदा झालं नाही.

जून १९४५ मध्ये मुदत संपली. राष्ट्रपतिपदाची सूत्रं त्यांनी ज्यांच्याकडे दिली ते होते शॉन टी. ओ’केली.